जुन्या फोर-बाय-फोरच्या एबीएसचा दिवा: दोष शोधताना ठेवलेल्या नोंदी

शनिवार, १२ ऑक्टोबर

गाडी १९९० च्या दशकाच्या शेवटची. लॅडर चासी, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे अखंड ॲक्सल आणि ड्रम ब्रेक, चाकं ३१ इंची. चारही चाकांना एबीएससाठी (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) एकेक वेग-सेन्सर आहे आणि ते जुन्या पद्धतीचे आहेत: आत चुंबक आणि तारेचं वेटोळं. समोरून दातेरी रिंग फिरली की ते स्वतःच बारीकसं एसी व्होल्टेज तयार करतात. नंतरच्या पिढीतल्या सेन्सरना ईसीयूकडून, म्हणजे एबीएसच्या संगणकाकडून, वीज मिळते. तेही दोनच तारांचे असू शकतात, पण ओहम मोजून त्यांच्याबद्दल काही कळत नाही. आपल्या गाडीत कोणते आहेत हे वर्कशॉप मॅन्युअलमधून पक्कं करूनच पुढचे आकडे वापरा.

तक्रारी दोन आहेत. पहिली, गाडी निघाल्यावर ताशी १५-२० किलोमीटरच्या आसपास एबीएसचा पिवळा दिवा लागतो. कधी लागतो, कधी दिवसभर लागत नाही. दुसरी, दिवा विझलेला असताना कोरड्या रस्त्यावर हळूच थांबायला गेलं की अगदी शेवटी पेडल पायाखाली थरथरतं आणि गाडी हातभर पुढे सरकते. ही दुसरी तक्रार मला जास्त गंभीर वाटते. दिवा लागला की एबीएस बंद होतं आणि साधे ब्रेक उरतात. इथे मात्र ब्रेक नको त्या वेळी सुटतो, आणि तोही कसलीच सूचना न देता.

दिवा नेमका कधी लागतो ते आधी लिहून ठेवा, निम्मं काम तिथेच होतं. चावी फिरवल्यावर लागलेला दिवा विझतच नसेल तर बहुधा तुटलेली तार, शॉर्ट, रिले किंवा व्हॉल्व्हचा विद्युत दोष असतो, कारण तेवढं ईसीयू उभ्या गाडीतही तपासू शकतो. थोडं अंतर जाऊन लागत असेल तर चाकांचा वेग जुळत नाहीये. फक्त ब्रेक दाबल्यावर लागत असेल तर ब्रेक-लाइटचा स्विच आणि पंपाची मोटर आधी बघावी. फोर-व्हील-ड्राइव्ह लावल्यावरच लागत असेल तर ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) स्विच किंवा जी-सेन्सर (गाडी किती मंदावते ते मोजणारा). आणि पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर शोधाशोध नंतर. गाडी तिथेच उभी करा आणि ब्रेक ऑइलची पातळी बघा.

आज फक्त साधं काम केलं. ब्रेक ऑइल पुरेसं आहे. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे आहेत. हवा सारखी केली. एका ॲक्सलवर नवा टायर आणि दुसऱ्यावर झिजलेला किंवा वेगळ्या मापाचा असेल तर फिरण्याचा वेग वेगळा पडतो आणि सेन्सर चांगला असूनही ईसीयू तक्रार करू शकतो. बॅटरी उभ्या गाडीत १२.५ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४.१. एबीएस युनिटच्या अर्थिंगपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून, ०.०५ व्होल्ट. म्हणजे अर्थिंग चांगलं आहे. जुन्या गाडीत हे मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

रविवार, १३ ऑक्टोबर

ईसीयूने साठवलेले दोषांचे कोड वाचले. साधा ओबीडी रीडर (गाडीचे कोड वाचणारं यंत्र) लावला तर तो इंजिनाशी बोलतो, एबीएसशी नाही. त्यावर 'दोष नाही' असं दिसलं तर ते इंजिनाबद्दल असतं. या गाडीत डायग्नोस्टिक कनेक्टरच्या ठरावीक पिना तारेने जोडल्या की एबीएसचा दिवाच लुकलुकून कोड सांगतो. लांब लुकलुक दशकाची, छोटी एककाची. मोबाइलवर व्हिडिओ घेतला आणि सावकाश मोजलं.

कोणत्या पिना जोडायच्या हे अंदाजाने ठरवू नका. १६ पिनांच्या कनेक्टरमध्ये १६ नंबरची पिन थेट बॅटरीची धन असते, ४ आणि ५ अर्थिंगच्या. चुकीची जोडी पडली तर फ्यूज जातो, आणि फ्यूजवर निभावलं तर नशीब.

दोन कोड मिळाले: पुढच्या डाव्या सेन्सरचं सर्किट तुटलेलं, आणि मागच्या उजव्या सेन्सरचा सिग्नल सदोष. लिहून घेतले, पुसले, चक्कर मारली. परत फक्त पहिलाच आला. दुसरा किती जुना आहे हे कळायला मार्ग नाही, पण तो वहीतून खोडलेला नाही.

इथे बरेच जण लगेच सेन्सर मागवतात. मी ते मुद्दाम थांबवलं. कोडने सांगितलं ते एवढंच की या वाटेवर सिग्नल पोहोचत नाही. त्या वाटेवर सेन्सर आहे, केबल आहे, दोन कनेक्टर आहेत, रिंग आहे, बेअरिंग आहे आणि शेवटी ईसीयूची पिन आहे. सेन्सर हा त्यातला एकच भाग.

शनिवार, १९ ऑक्टोबर

मोजमापाचा दिवस. बॅटरीची ऋण वायर काढली, ईसीयूचा प्लग सोडवला आणि मोजणी त्या प्लगवरूनच केली. चाकाजवळच्या कनेक्टरवर मोजलं तर फक्त सेन्सर कळतो. ईसीयूच्या टोकावरून मोजलं की संपूर्ण वाट कळते.

मल्टिमीटरची जाड टोकं प्लगच्या बारीक पिनांत खुपसू नका. पिना फाकतात, पकड सैल होते आणि आधी नसलेला दोष तयार होतो. मी त्याच मापाच्या मोकळ्या पिनेला तार जोडून ती वापरली.

पुढचा डावा १.३१ किलोओहम, पुढचा उजवा १.२८. मागचा डावा १.१५, मागचा उजवा १.१७. प्रत्येक तारेपासून चासीपर्यंत मार्ग बंद, म्हणजे कुठे अर्थ होत नाही. तांब्याचा रोध तापमानाबरोबर बदलतो, २५ अंशांच्या फरकाने साधारण दहा टक्के. म्हणून चारही एकाच वेळी, गाडी थंड असताना मोजावेत आणि एकमेकांशी ताडून बघावेत.

आकडे बघून कोणीही म्हणेल की चारही सेन्सर ठणठणीत आहेत. पण गाडी उभी, चाकं सरळ, सस्पेन्शन आपल्या जागी. दोष दिसणार कुठून? मल्टिमीटर पुढच्या डाव्यावर लावून ठेवला आणि सोबत्याला स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगितलं. पूर्ण उजवीकडे गेल्यावर १.३१ चा आकडा उड्या मारू लागला. मग चासीला जॅक लावून चाक लोंबकळू दिलं, तर मार्ग पूर्ण तुटला. चाक वर उचललं की परत १.३१.

पहिल्या तक्रारीचं कोडं इथे सुटलं. खडबडीत वाटेवर चाक खाली लोंबतं, केबल ताणली जाते, आत तुटलेल्या तारेची टोकं सुटतात. सपाट रस्त्यावर ती एकमेकांना टेकलेली राहतात. म्हणून दिवा कधी लागायचा, कधी नाही.

यानंतरची मोजणी सगळ्यांनी करावी असा माझा आग्रह आहे. एकेक चाक उचलून, स्टँडवर गाडी पक्की ठेवून, गिअर न्यूट्रलमध्ये, बाकीच्या चाकांना अडण लावून, चाक हाताने साधारण सेकंदाला एक फेरी या वेगाने फिरवलं आणि त्याच प्लगवर एसी व्होल्ट मोजले. पुढचा डावा ०.४२ (केबल सैल असताना), पुढचा उजवा ०.४५, मागचा डावा ०.३८, मागचा उजवा ०.११.

मागचा उजवा रोधात ठणठणीत, सिग्नलमध्ये शेजाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. माझा टायर एका फेरीत साधारण २.४ मीटर जातो, म्हणजे सेकंदाला एक फेरी हा वेग ताशी साडेआठ किलोमीटर झाला. पेडल थरथरतं तोही जवळपास हाच वेग. या सेन्सरचं व्होल्टेज वेगाबरोबर वाढतं, त्यामुळे जोरात जाताना कमकुवत सिग्नलही पुरतो. थांबता थांबता तो ईसीयूच्या वाचण्याच्या मर्यादेखाली जातो. बाकी तीन चाकं फिरतायत आणि एक अचानक शून्यावर आलं, म्हणजे ते लॉक झालं असं समजून ईसीयू दाब सोडतो. या गाडीत मागच्या दोन्ही चाकांचा दाब एकाच वाहिनीवर आहे, त्यामुळे ब्रेक दोन्हींचा सुटतो.

स्वस्त मल्टिमीटर कमी फ्रिक्वेन्सीवर अचूक नसतो. पण एकाच मीटरने, एकाच वेगाने चारही मोजले तर तुलना खरी निघते, आणि इथे तुलनाच हवी आहे.

रविवार, २० ऑक्टोबर

पुढच्या डाव्या केबलचं वरचं आवरण कापून पाहिलं. सस्पेन्शनच्या वरच्या आर्मजवळ रबरी गुटखीपाशी एका तारेच्या आतलं तांबं तुटलेलं, बाहेरचं इन्सुलेशन शाबूत. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसलं नसतं. बोटांत धरून वाकवल्यावर त्या जागी तार लिबलिबीत लागते.

का तुटली हेही शोधलं, नाहीतर नवी केबलही तिथेच तुटेल. गाडीला पूर्वी कधीतरी मूळ मापापेक्षा लांब शॉक ॲब्सॉर्बर बसवलेले आहेत, त्यामुळे चाक खाली जास्त जातं. केबलची क्लिप मात्र जुन्याच जागी, तीही एक भोक वर. पूर्ण लोंबल्यावर केबल विणेच्या तारेसारखी ताठ होते. ब्रेकची रबरी नळीही तपासली. तिला अजून ढिलाई आहे. ज्यांनी गाडी उंच केली आहे त्यांनी या दोन्ही गोष्टी चाक पूर्ण लोंबवून आजच बघाव्यात. नळी ताणली जात असेल तर ते एबीएसच्या दिव्यापेक्षा फार मोठं संकट आहे.

निदान पक्कं करायला तुटल्या जागेला वळसा घालून बाहेरून तात्पुरती तार जोडली आणि मोकळ्या जागेत गाडी फिरवली. दिवा लागला नाही. आता सेन्सर मागवला. केबल आणि सेन्सर एकत्र ओतलेले असल्यामुळे फक्त केबल मिळत नाही.

तुटल्या जागी सोल्डर करून काम भागवता आलं असतं का? हलत्या भागात नाही. सोल्डरने तार तिथे ताठ होते आणि जोडाच्या शेजारी पुन्हा तुटते. तुटलेली जागा चासीवर, न हलणाऱ्या भागात असती तर क्रिंप जोड आणि आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी मी विनासंकोच वापरली असती, दोन्ही तारांचा पीळ पूर्वीसारखा ठेवून. तो पीळ बाहेरचा विद्युत गोंधळ सिग्नलमध्ये शिरू देत नाही.

शनिवार, २६ ऑक्टोबर

संपूर्ण कामात सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो जुना सेन्सर काढण्याने.

बोल्ट सहज निघाला, पण सेन्सर नकलच्या (चाकाचं हब धरणारा लोखंडी भाग) भोकात गंजाने जखडलेला. प्लास्टिकचं अंग, भोवती लोखंड, मध्ये वर्षानुवर्षांचा गंज आणि चिखल. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाकून ठेवलं होतं. सेन्सर उचकटायचा नसतो. आधी डावी-उजवीकडे किंचित पिळून मोकळा करायचा असतो. तसं करतानाच डोकं तुटून हातात आलं आणि बुंधा आत राहिला.

बाहेरून ठोकून आत ढकलावा असा मोह होतो. तसं करू नका. बुंध्यासमोर रिंगचे दात आहेत. एक दात वाकला तर प्रत्येक फेरीत एकदा सिग्नल चुकेल आणि हा दोष पुढे शोधणं महाकठीण होईल. ड्रिल सरळ आरपार नेलं तरी तोच धोका. मी कॅलिपर काढून तारेने टांगला (नळीवर लोंबकळू दिला नाही), डिस्क आणि हब काढलं, रिंग मोकळी केली आणि मग बुंधा आतल्या बाजूने पंचने बाहेर ठोकला. हब निघालंच होतं, म्हणून बेअरिंग धुऊन तपासलं, नवं ग्रीस भरलं, सील बदललं.

भोक गोल गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत साफ केलं. चिकटपट्टी लावून बेअरिंगची जागा झाकली होती. लोखंडाची धूळ तिथे जाऊ देऊ नये. नवा सेन्सर हाताच्या दाबाने बसला पाहिजे. अंगाला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, टोकाला काही नाही.

टोक आणि दात यांतलं अंतर ०.७ मिलिमीटर मिळालं, मॅन्युअलच्या मर्यादेत. इथे पितळी फीलर गेज वापरा. पोलादी पट्टी चुंबकाला चिकटते आणि माप चुकतं. रिंग एक फेरी फिरवून चार ठिकाणी मोजलं.

रविवार, २७ ऑक्टोबर

केबलची नवी वाट आखली. क्लिप खालच्या भोकात आणली, चाक पूर्ण लोंबवून आणि स्टीअरिंग दोन्ही टोकांना नेऊन केबल कुठे ताणत नाही, टायरला घासत नाही हे पाहिलं. उजव्या बाजूचीही क्लिप तशीच वर होती, तीही खाली घेतली.

पुढचा डावा आता ०.४४ व्होल्ट, लोंबवून आणि वळवूनही. कोड पुसला. खडबडीत वाटेवर लांब चक्कर झाली, दिवा लागला नाही. पेडलची थरथर मात्र तशीच आहे. ०.११ चा आकडा खोटं बोलत नव्हता.

शनिवार, २ नोव्हेंबर

मागचा उजवा. सिग्नल कमी पडायची कारणं मोजकीच: अंतर वाढलं, टोकाला लोखंडाचा कीस चिकटला, रिंग खराब झाली, बेअरिंगमध्ये ढिलाई आली किंवा सेन्सरचं चुंबक मंदावलं.

या गाडीत मागचे दोन्ही सेन्सर सारखेच आहेत आणि केबलही सारख्याच लांबीच्या. दोन्ही काढून अदलाबदल केली. याला एक पैसा लागत नाही आणि उत्तर पक्कं मिळतं. दोष सेन्सरबरोबर डावीकडे गेला असता तर सेन्सर खराब. तो उजवीकडेच राहिला. म्हणजे सेन्सर चांगला, आणि नवा आणला असता तर तोही असाच कमी आकडा दाखवत बसला असता.

काढलेल्या उजव्या सेन्सरच्या टोकावर लोखंडी किसाची दाट लव होती. ती पुसून पुन्हा मोजलं तर ०.१५. थोडी सुधारणा, पण तेवढ्याने भागत नाही.

मग छोटा ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला. हाताने फिरवताना लहर दिसते. चांगल्या चाकावर तिची उंची फेरीभर सारखी असते. इथे मुळात उंची कमी, आणि फेरीत एकदा ठरलेल्या जागी ती आणखी बसत होती. म्हणजे दोन गोष्टी एकत्र: सगळीकडे अंतर जास्त, आणि रिंगच्या एका भागात काहीतरी बिघाड. एकच दात तुटला असता तर लहरीत एक मोकळी जागा दिसली असती. बेअरिंग ढिलं असतं तर चाक वर-खाली धरून हलवताना हाताला लागलं असतं. हललं नाही.

इथली रिंग ॲक्सलच्या आत असल्यामुळे फीलर गेज पोहोचत नाही. म्हणून व्हर्नियरच्या मागच्या काडीने सेन्सरच्या बैठकीपासून दाताच्या माथ्यापर्यंत खोली मोजली: २८.३ मिलिमीटर. सेन्सरची लांबी, बैठकीच्या पट्टीपासून टोकापर्यंत: २६.७. फरक १.६, तेवढं अंतर. या गाडीत १.० च्या वर नको.

बैठक नीट पाहिली आणि कारण समोर आलं. पट्टीखाली गंजाचे पापुद्रे थरावर थर साचले होते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. बोल्ट घट्ट असतानाही त्याने सेन्सर हळूहळू वर उचलला होता. पाण्याचिखलातून जाणाऱ्या गाडीत हे होणारच, आणि रोध मोजून ते कधीच कळणार नाही.

पापुद्रे पसरट छिन्नीने सोलले, शेवटी तारेचा ब्रश. मूळ धातू लागला की थांबायचं. आणखी घासलं तर बैठक खोल जाते आणि सेन्सर दातांवर घासू शकतो. आता खोली २७.५, म्हणजे अंतर ०.८. डाव्या बाजूलाही थोडा गंज होता, तोही सोलला. व्होल्टेज ०.३०. फेरीत एकदा पडणारी उंची अजून आहे.

रविवार, ३ नोव्हेंबर

हाफ शाफ्ट (ॲक्सलच्या आतला, चाक फिरवणारा दांडा) बाहेर काढायचं ठरवलं. ०.३० वर भागेल असं वाटत होतं, पण लहर अजून एका जागी बसत होती आणि ब्रेकच्या बाबतीत 'भागेल' मला नको.

जुन्या ड्रममधल्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. हवेने फुंकू नका. ओली करून पुसून घेतली आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं.

या ॲक्सलमध्ये शाफ्टबरोबर ब्रेकची मागची प्लेटही बाहेर येते, त्यामुळे ब्रेकचा पाइप सोडावा लागला. सोडल्याबरोबर टोकाला बूच लावलं. ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊन मॉड्युलेटरमध्ये (ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारं एबीएसचं व्हॉल्व्ह-पंपाचं युनिट) हवा शिरली तर ती साध्या पद्धतीने निघेलच असं नाही. काही गाड्यांत त्यासाठी स्कॅनरने व्हॉल्व्ह आणि पंप चालवावे लागतात.

रिंगवर एका बाजूला आठ-दहा दातांमधल्या खाचा गंज आणि वाळलेल्या चिखलाने गच्च भरलेल्या. सेन्सरला दात आणि खाच यांतला फरक लागतो. खाच भरली की त्याच्यासमोर फिरतं ते सपाट लोखंड. लाकडी काडी आणि पितळी ब्रशने खाचा मोकळ्या केल्या. रिंगला तडा आहे का तेही बघा. दाबून बसवलेली रिंग खालून गंज फुगल्याने चिरते, आणि तशी चिरली तर साफसफाईचा उपयोग नाही, बदलावीच लागते. माझी शाबूत आहे.

चिखल आत आला कुठून? बाहेरचं धूळ-सील फाटलेलं. आतलं ऑइल सीलही ओलसर होतं, अजून ऑइल ब्रेकच्या शूवर पोहोचलं नव्हतं. दोन्ही बदलली.

शनिवार, ९ नोव्हेंबर

सगळं परत जोडलं. ब्रेक ऑइल जुनंच होतं, म्हणून एअर काढताना चारही चाकांना नवं डीओटी ४ भरलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डीओटी ४ च्या मानकात तो कोरड्याला किमान २३० अंश आणि पाणी शोषलेल्याला किमान १५५ अंश सेल्सिअस असावा लागतो. लांब घाट उतरताना हा फरक जिवावर बेतू शकतो.

मागचा उजवा आता ०.३६, मागचा डावा ०.३९. ऑसिलोस्कोपवर लहर फेरीभर सारखी.

चाचणी मोकळ्या जागेत, जवळ कोणी नसताना, आधी साधे ब्रेक हळू वेगात तपासून घेतल्यावर. निघाल्यावर मॉड्युलेटरमधून छोटा 'घुर्र' आवाज येतो, ती त्याची स्वतःची तपासणी, आवाज आला. ताशी २० वरून हळू थांबणं, वेगवेगळ्या दाबाने: पेडल शांत. मग सुट्या खडीवर ४० वरून जोरात दाबलं. तिथे मात्र थरथर आली, जिथे यायला हवी तिथेच, आणि गाडी सरळ रेषेत थांबली. कोड नाहीत.

या काळात अनेकांनी दोन सल्ले दिले: मॉड्युलेटर बदल, किंवा फ्यूज काढून विसरून जा. मॉड्युलेटर हा सगळ्यात महाग भाग आणि त्याच्याविरुद्ध इथे एकही पुरावा नव्हता. फ्यूजबद्दल आधी आपली गाडी ओळखा. माझ्या गाडीत मागचा दाब वजनानुसार बदलणारा यांत्रिक व्हॉल्व्ह आहे. तो नसेल आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचं वाटप एबीएसच करत असेल, तर फ्यूज काढल्यावर जोरात ब्रेक दाबताना मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी आडवी फिरू शकते. दिवा डोळ्यांआड करण्यासाठी ही किंमत कोणी देऊ नये.

शनिवार, १६ नोव्हेंबर

फोर-व्हील-ड्राइव्ह लावून चढावर गेलो आणि काही अंतरावर दिवा लागला. टू-व्हीलवर आणून इंजिन बंद-चालू केलं, विझला. नवा कोड: जी-सेन्सर.

फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये पुढचे-मागचे ॲक्सल एकमेकांना जखडले जातात, त्यामुळे निसरड्यावर चारही चाकं एकदम घसरू शकतात आणि चाकांच्या वेगांची तुलना करून ईसीयूला काही कळत नाही. म्हणून गाडी खरोखर किती मंदावते आहे हे सांगायला हा वेगळा सेन्सर असतो. माझ्या गाडीत तो मधल्या कन्सोलखाली आहे. शेजारी एअरबॅगचं युनिट असेल तर बॅटरी काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय तिथे हात घालू नका.

सेन्सर सपाट ठेवल्यावर २.५ व्होल्ट द्यायला हवा, मिळाले २.१. बाण खाली करून उभा धरला तर ३.५ हवे, मिळाले २.९. दोन्ही आकडे साधारण सारख्याच प्रमाणात कमी, म्हणून सेन्सरपेक्षा त्याला मिळणाऱ्या विजेवर संशय घेतला. ५ व्होल्ट यायला हवेत तिथे ४.२. कनेक्टरच्या एका पिनेवर हिरवा गंज. गालिच्याखाली पाणी शिरलेलं होतं आणि ते तिथेच मुरलं असणार.

पिन कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केली, समोरच्या पिनेची पकड किंचित आवळली. पुरवठा ५.० आणि सेन्सर २.५. गालिचा उचलून वाळवला, दाराच्या खालच्या रबराची फाट भरून काढली. सेन्सर बसवताना बाण गाडीच्या तोंडाकडे आणि पट्टी समतल आहे हे स्पिरिट लेव्हलने पाहिलं. पट्टी वाकलेली असेल तर गाडी सपाट रस्त्यावरही उतारावर आहे असं ईसीयूला वाटेल.

तीच चढण, तोच गिअर, दिवा विझलेला.

चारही चाकांचे रोध आणि फिरत्या चाकाचे व्होल्ट एका कागदावर लिहून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या मॅन्युअलमध्ये ठेवले आहेत. मागची बैठक पुढच्या वेळी ड्रम निघतील तेव्हा पुन्हा उघडून बघायची आहे. तिला झिंक प्रायमरचा एक पातळ हात दिला आहे, त्याने गंज किती काळ थांबतो ते तेव्हा इथेच नोंदवेन.